पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एका विषयावरची चित्रपुस्तकं कशी निवडायची

जूनमध्ये शाळा उघडली की कोणी ना कोणी विचारतंच, की पोरांना पुस्तकं वाचून दाखवायचीयेत तर कोणती घेऊ. विचारणारे म्हणजे नवीन लागलेले शिक्षणसेवक, अंगणवाडीच्या ताई, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेला एखादा भाऊ ज्याला आपल्या जुन्या झेडपी शाळेला पाच हजाराची पुस्तकं भेट द्यायची असतात, आणि हल्ली तर आईवडील पण विचारतात. सगळ्यांना रेडिमेड यादी हवी असते. मी यादी देत नाही, कारण आमच्या खानदेशातच रावेरच्या शाळेत जे पुस्तक पोरं डोक्यावर घेतील ते सातपुड्यात धडगावच्या पाड्यावर तसंच चालेल असं काही नाही, आणि यादी हातात आली की माणूस पुस्तक उघडून बघतच नाही, डायरेक्ट ऑर्डर करतो. त्यापेक्षा निवडायचं कसं ते सांगते, पायरी पायरीने.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. चित्रपुस्तक म्हणजे चित्रं असलेलं कुठलंही पुस्तक नाही. ज्यात गोष्टीचा अर्धा भार चित्रांवर असतो, मजकूर झाकला तरी काहीतरी कळतं आणि चित्रं झाकली तर गोष्ट लंगडी पडते, ते चित्रपुस्तक. पानभर मजकूर आणि वरती कोपऱ्यात एक ससा काढलाय, ते गोष्टीचं पुस्तक झालं, ते चौथी-पाचवीला द्या. इथे आपण पहिली, दुसरी, फार तर तिसरी, म्हणजे सहा ते आठ वर्षांची पोरं धरून चाललोय.

१. विषय ठरवा, पण तो प्रश्नाच्या रूपात

बहुतेक नवीन लोकं इथेच गंडतात. विषय काय, तर "झाडे". "प्राणी". "पाणी". "स्वच्छता". हे विषय नाहीत हो, ही पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका आहे. "झाडे" म्हणून पुस्तकं शोधायला गेलात की शंभर सापडतील आणि त्यातली नव्वद झाडे लावा झाडे जगवा असं सांगणारी असतील. त्याऐवजी "झाडावर कोण कोण राहतं?" असा प्रश्न धरला की लगेच खारुताई येते, मुंगळे येतात, वटवाघूळ येतं, भूत पण येतं (भुताशिवाय झाडाचा विषय पूर्ण होतच नाही, पोरांना विचारा), आणि पुस्तकं निवडताना काय घ्यायचं काय सोडायचं हे आपोआप ठरतं.

प्रश्न असा घ्या की ज्याचं थोडं उत्तर पोरांना आधीच माहीत आहे. आपल्याकडे यासाठी बाहेर बघायची गरजच नाही. पाऊस लांबला की घरात काय बोलणं होतं? पोळ्याच्या दिवशी बैलाला काय वाटत असेल? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खानदेशातली देवी) घरी बसते तेव्हा घरात इतकी माणसं येतात कुठून? भुसावळसारख्या जंक्शनवरून गाड्या कुठे कुठे जातात? डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत इतके घोडे येतात, तर घोडा आपल्याशी कसा बोलतो? सातपुड्यात होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ढोल कोण वाजवतं? यातला एकेक प्रश्न दोन-तीन आठवडे पुरतो.

कॅलेंडर बघून विषय ठरवायची सवय आहे आपल्याला. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, ठीक आहे, त्या दिवशी फोटो पाठवावे लागतात, पाठवा. पण दिनविशेषाचा विषय एका दिवसात संपतो आणि मग पुस्तकं परत कपाटात. पोरांच्या तोंडात जे आत्ता चाललंय ते विषयाचं खरं भांडवल. गावात केळीचा ट्रक उलटला आणि चार दिवस सगळे तेच बोलतायत, तर तोच विषय घ्या की.

२. मजकूर झाकून पुस्तक बघा

पुस्तक हातात घेतलं की वाचू नका. नुसती पानं उलटा, अक्षरांवर हात ठेवा आणि चित्रांवरून गोष्ट कळते का बघा. सगळी नाही कळणार, कळायला पण नको, पण "आता पुढे काय होईल" असं तुम्हाला वाटलं पाहिजे. मग मजकूर वाचा. मजकुरात लिहिलंय "मिनू खुश झाली" आणि चित्रात पण मिनू हसतीये, एवढंच असेल तर चित्राने काय कमावलं? पण मजकूर म्हणतोय "मिनू अजिबात घाबरली नाही" आणि चित्रात मिनू आजीच्या पदराआड लपलीये, हे पुस्तक घ्या. कारण इथे पोरगं ओरडून सांगणार, की नाही हो बाई, ती खोटं बोलतीये. जे पोरगं अजून एक अक्षर वाचू शकत नाही तेच आधी ओरडणार, कारण ते चित्र बघत असतं आणि वाचता येणारी पोरं अक्षरांत अडकलेली असतात.

चित्रांमध्ये अजून काय बघायचं, तर कोपरे. चांगल्या चित्रकाराच्या कोपऱ्यात काहीतरी चालू असतं, एखादी मांजर प्रत्येक पानावर काहीतरी चोरत असते आणि मजकुरात तिचा उल्लेख पण नसतो. पोरं दुसऱ्यांदा पुस्तक मागतात ती या मांजरीसाठी.

आणि लांबून बघा. तीस पोरांसमोर धरायचं पुस्तक असेल तर टेबलावर उभं करून आठ-दहा फूट मागे जा. नाजूक बारीक रेषांची चित्रं फार सुंदर असतात पण मागच्या रांगेतल्या पोराला तिथे फक्त पिवळा डाग दिसतो. अशी पुस्तकं वाईट नाहीत, ती चार-पाच पोरांना जवळ घेऊन वाचायला ठेवा. एकदम गुळगुळीत चकाकणारा कागद असेल तर खिडकीच्या उजेडात अर्धं पान चमकतं आणि दिसत काहीच नाही, हे पण तेव्हाच कळतं.

३. वाचून दाखवायचं पुस्तक वेगळं, स्वतः वाचायचं वेगळं

दुसरीतलं पोरगं अजून "घर, नळ, मगर" वाचतंय म्हणून त्याला गोष्ट पण "घर नळ मगर"चीच ऐकवायची? घरी ते पोरगं आजोबांकडून वेताळाची गोष्ट ऐकतंय, मोबाईलवर पिक्चर बघतंय, त्याचे कान त्याच्या डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. म्हणून जे तुम्ही वाचून दाखवणार ते एक-दोन लेव्हल वरचं असलं तरी चालतं, शब्द अवघड असले तरी चित्र सांभाळून घेतं. जे पोरं स्वतः हातात घेऊन वाचणार तिथे मात्र पानावर एक-दोन ओळी, मोठा ठसा, कमी जोडाक्षरं, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारी. रंगीत चित्रावरच पांढरी अक्षरं छापलेली पुस्तकं स्वतः वाचणाऱ्या पोरांना देऊ नका, मोठ्यांना वाचता येत नाहीत तिथे ती काय वाचणार.

निवडतानाच पुस्तकाच्या मागे पेन्सिलने छोटं लिहून ठेवा: "ऐकवायला" किंवा "हातात द्यायला".

४. पाच-सहा पुस्तकांचा संच, पण एकसारखी नकोत

एका विषयावर पाच ते सहा पुस्तकं बास. आणि इथे सगळ्यात जास्त डोकं लावायचं. एकाच विषयावरच्या सहा सारख्या गोष्टी आणल्या तर तिसऱ्या दिवशी पोरं जांभया देतात, कारण विषय तोच आणि सांगायची पद्धत पण तीच.

उदाहरण म्हणून आपला आठवडे बाजार घेऊ. प्रश्न असा: "बाजारात कोण काय घेऊन येतं?" बाजार न बघितलेलं पोरगं खानदेशात सापडणार नाही, आणि प्रत्येकाचा बाजार वेगळा, कोणी तिथे भजी खातं, कोणाची आई तिथे पालेभाजी विकायला बसते.

तर पहिलं पुस्तक शक्यतो बिनशब्दांचं. गर्दीचं मोठं चित्र, शंभर माणसं, प्रत्येक जण काहीतरी करतोय. अशी पुस्तकं बघून नवीन माणूस घाबरतो, म्हणतो यात वाचू काय? काही वाचू नका, पोरांना बोलू द्या. पहिल्या दिवशी हेच ठेवलं की कोणाला विषयातलं काय माहितीये ते तुम्हाला समजतं, आणि जी पोरं वर्षभर तोंड उघडत नाहीत ती इथे उघडतात, कारण चुकायला जागाच नाही.

दुसरं माहितीचं, पण खरी माहिती असलेलं. भाजी शेतातून बाजारात कशी येते, तराजू कसा चालतो, पैसे कोण छापतं. माहितीची चित्रपुस्तकं मराठीत कमी आहेत म्हणून लोकं हा कप्पा रिकामाच सोडतात, पण वर्गात चार-पाच पोरं अशी असतातच ज्यांना गोष्टीत शून्य इंटरेस्ट असतो आणि ट्रॅक्टरच्या चाकाला किती नट आहेत यात जीव अडकलेला असतो. त्यांना हेच पुस्तक लागतं. माहिती मात्र तपासून घ्या. केळी झाडावर लटकलेल्या चार सुट्ट्या केळ्यांसारखी काढली असतील तर यावल-रावेरचं पोरगं लगेच पकडणार, त्याला घड माहितीये, फणी माहितीये, बाग कधी निसवते, म्हणजे घड कधी बाहेर पडतो, ते पण माहितीये. खरं सांगू का, असं एखादं चुकीचं चित्र सापडलं तर मुद्दाम दाखवा, पोरांना पुस्तकाची चूक काढायला मिळाली की त्या दिवसाचा वर्गच वेगळा असतो.

तिसरी एक जोरदार गोष्ट, बाजारात हरवलेलं पोरगं वगैरे, ज्यात थोडी भीती आहे. चौथं गाणं किंवा यमक असलेलं, विक्रेत्यांच्या आरोळ्या असल्या तर फारच छान, पोरं घरी जाईपर्यंत ओरडत जातात. पाचवं विनोदी, अगदी येडपट. विनोदी पुस्तक संचात नसेल तर संच पूर्ण झाला असं समजूच नका. सहावं लांबच्या जागेचं, त्याबद्दल पुढे बोलू.

असे कप्पे पाडून मग पुस्तकं शोधायला निघा. सगळे कप्पे भरणार नाहीत, चार भरले तरी सुरुवात करा.

५. आपलं आणि लांबचं

रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये एक लेख लिहिला होता, त्यात त्यांनी म्हटलं की मुलांची पुस्तकं कधी आरसा असतात, कधी खिडकी आणि कधी सरकतं काचेचं दार. म्हणजे कधी पोराला त्यात स्वतः दिसतं, कधी दुसऱ्याचं जग दिसतं आणि कधी त्या जगात शिरता पण येतं. त्यांचा मुद्दा असा होता की ज्या मुलांना पुस्तकात आपण कधीच दिसत नाही, त्यांना न बोलता कळतं की आपली किंमत काय.

आता हे आपल्याकडे लावून बघा. पुस्तकातलं घर म्हणजे लाल कौलांचा बंगला, बाहेर हिरवळ, मागे बर्फाचा डोंगर, आई फ्रॉक घालून केक करतीये. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४५ अंशाला पाटातलं पाणी पण तापतं. अशी दोन-चार पुस्तकं असायला हरकत नाही, पण सगळीच तशी असली तर पोरांना वाटतं गोष्टी फक्त तिकडेच घडतात. संचात निदान दोन पुस्तकं अशी हवीत की ज्यात धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल, शेळी असेल, नऊवारी नेसलेली आजी असेल, बाप कपाशीत काम करत असेल. कानबाईच्या रोटांवरचं (तिच्या नैवेद्यावरचं) छापील चित्रपुस्तक मिळणं अवघड आहे, ते मान्य. तिथे पोरांकडूनच चित्रं काढून घेऊन आठ पानांचं शिवायचं, आणि मोजून सांगते, छापील पुस्तकांपेक्षा त्याचीच पानं आधी फाटतात, इतकं ते हाताळलं जातं.

नंदुरबार, शिरपूर, चोपड्याच्या वरच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट कडक तपासायची. आदिवासी माणूस दाखवला की कमरेला पानं, हातात भाला आणि तोंडाने झिंगालाला, अशी चित्रं अजून छापली जातात. पावरा किंवा भिल घरातल्या पोरासमोर हे पुस्तक धरायचं? सरळ बाजूला ठेवा, कितीही स्वस्त असू दे. तसंच सावळं पोरगं नेहमी खोडकर नाहीतर गरीब, गोरं पोरगं नेहमी हुशार, आई कायम चुलीपाशी आणि बाबा कायम पेपर वाचत, हे पण बघा. एका पुस्तकात असेल तर चालून जातं पण संचातल्या सहाच्या सहा पुस्तकांत तेच दिसलं तर एक-दोन बदला.

लांबचं पुस्तक मात्र हवंच. बाजाराच्या विषयात श्रीनगरच्या दल सरोवरावर पहाटे होड्यांमधून भाजीबाजार भरतो तो दाखवता येतो, किंवा इम्फाळचा ईमा कैथेल, जिथे सगळ्या विक्रेत्या बायकाच असतात. तिथल्या चित्रावर पोरं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं, होडी बुडाली तर वांगी कोणाची? पुस्तक नसेल तर मोठे फोटो छापून त्याचं चार पानांचं पुस्तक करा, चालतं.

दिवाळीनंतर बऱ्याच शाळांतली पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, पट अर्धा होतो. प्रवास, गाव सोडणं, नवीन जागा हा विषय त्याआधी घ्यावा असं मला वाटतं, जाणाऱ्या पोरांना पण बोलता येतं आणि राहणाऱ्यांना पण. पण यात रडकी, कीव करणारी पुस्तकं नकोत. पोरगं त्यात हुशारी करताना दिसलं पाहिजे.

६. काय लगेच नाकारायचं

शेवटच्या पानावर "तात्पर्य" असेल तर मी पुस्तक ठेवून देते. थोडं कठोर आहे, माहितीये. पण तात्पर्य आलं की पोरं गोष्ट ऐकत नाहीत, तात्पर्य काय निघेल त्याची वाट बघत बसतात, आणि सगळ्यांचं उत्तर एकच: खोटं बोलू नये. खोटं न बोलणारं पोरगं मला अजून भेटायचंय.

बसस्टँडवर आणि यात्रेत दहा-वीस रुपयांना मिळणारी चकचकीत पुस्तकं असतात, त्यात कॉम्प्युटरवरून उचललेली चित्रं आणि शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका, लेखकाचं चित्रकाराचं नाव कुठेच नाही. नाव नाही म्हणजे जबाबदारी पण कोणाची नाही. चित्रकाराचं नाव कव्हरवर लेखकाइतकंच मोठं छापलेलं असेल तर तो प्रकाशक चित्रपुस्तकाला सिरियसली घेतो असं समजायला हरकत नाही.

अनुवादाचं पुस्तक असेल तर मोठ्याने दोन पानं वाचा. जीभ अडखळली, "तो एक अत्यंत आनंदी हत्ती होता" असली वाक्यं निघाली तर सोडा.

७. मिळणार कुठे आणि किती खर्च

सुरुवात फुकटापासून करा. बंगळुरूची प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून आहे, तिने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट काढली. तिथे मराठी निवडा, लेव्हल निवडा, विषय टाका, पुस्तकं समोर येतात. लेव्हल चार आहेत, पहिली म्हणजे अगदी थोडे शब्द आणि चौथी म्हणजे सलग वाचणाऱ्यांसाठी. ऐकवायला दुसरी-तिसरी घ्या, हातात द्यायला पहिली. ही पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवून तुम्ही डाउनलोड करू शकता, छापू शकता, भाषा बदलून वापरू शकता, कोणी विचारणार नाही. विकत घ्यायच्या आधी संच जमतोय का ते बघायला याच्यासारखी जागा नाही. फक्त मोबाईलच्या स्क्रीनवर वीस पोरांना दाखवू नका, त्याला काही अर्थ नाही. शाळेला लोकवर्गणीतून टीव्ही मिळालेला असेल तर त्याच्यावर लावा, नाहीतर प्रिंट.

छापील घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्ट, म्हणजे १९५७ मध्ये सुरू झालेली सरकारी संस्था, तिची नेहरू बाल पुस्तकालय मालिका बरीच स्वस्त असते आणि मराठीत आहे. त्यातली काही चित्रं जुन्या वळणाची वाटतील पण मजबूत आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने मराठी चित्रपुस्तकांत मनापासून काम केलंय, तिथली घरं आणि माणसं आपली वाटतात. चेन्नईच्या तुलिकाची पुस्तकं बऱ्याच भारतीय भाषांत येतात, त्यात मराठी पण आहे, आणि भारतातल्या वेगवेगळ्या ठिकाणची खिडकी हवी असेल तर तिथे शोधा. भोपाळच्या एकलव्यची हिंदी पुस्तकं पण बघा, आपल्या पोरांना हिंदी ऐकायची सवय असते, मध्य प्रदेशची बॉर्डर तर शेजारीच आहे. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, ते खरं तर मोठ्या पोरांसाठी, पण जुन्या अंकांतली चित्रं आणि कविता आपल्या विषयाला लागतील तशा वेचता येतात.

पातळ चित्रपुस्तकं बरीचशी शंभर रुपयांच्या आत मिळतात, जाड पुठ्ठ्याची महाग. पाच हजार असतील तर सगळे एकदम खर्च करू नका. आधी दोन विषयांचे संच, ते वर्गात वापरून बघा, मग पुढचे. जी पुस्तकं पोरांनी ओढाताण करून मागितली त्यांची दुसरी कॉपी घ्या. नवीन लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं पन्नास वेगवेगळी पुस्तकं जास्त चांगली. पण जोडीने बसून एकच पुस्तक बघणं आणि एका पुस्तकासाठी मारामारी यात फरक आहे.

आणि तालुक्याचं वाचनालय. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो आणि त्या कपाटाला कोणी हात लावत नाही. ग्रंथपालांना जाऊन भेटा, शाळेच्या नावाने महिन्याला दहा पुस्तकं मिळतात का विचारा, माणसं नाही म्हणत नाहीत शक्यतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव भरतो तिथे सवलतीत मिळतात आणि मुख्य म्हणजे उघडून बघता येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा तिथे पुस्तकांचे स्टॉल होते, तसं रोज काही होणार नाही, पण जेव्हा होतं तेव्हा बॅग घेऊन जायचं आणि दुसरी पायरी तिथेच उभ्या उभ्या करायची.

८. भाषेचं काय करायचं

पुस्तक प्रमाण मराठीत, पोरगं घरी अहिराणी बोलणारं, नाहीतर पावरी, भिलोरी, मावची, गुजरी, लेवा गणबोली. नवीन माणूस इथे दोन टोकं गाठतो, एक तर पोरांना "नीट मराठीत बोल" म्हणतो नाहीतर पुस्तक बाजूला ठेवून सगळं आपल्याच शब्दांत सांगून टाकतो. मधला रस्ता सोपा आहे. मजकूर जसा छापलाय तसाच वाचा, आणि चित्रावरचं बोलणं घरच्या भाषेत. "हाई काय शे?" "आते काय व्हई?" असं विचारलं की वर्ग उसळतो. एखादी पोरगी म्हणते "मनी माय बी आशीच करस" आणि मग तिच्या मायचीच गोष्ट दहा मिनिटं चालते, चालू द्या. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर पोरांनाच विचारा की याला घरी काय म्हणतात, त्यांना शिकवायला आवडतं.

याचा निवडीशी संबंध असा की संवाद जास्त असलेली पुस्तकं घ्या. दोन प्राण्यांचं भांडण अहिराणीत लगेच बोलता येतं, नदीचं वर्णन नाही बोलता येत. स्टोरीवीव्हरची पुस्तकं छापलीत तर छापील ओळीखाली घरच्या भाषेतली ओळ लिहिलेली पट्टी चिकटवा, ती ओळ पोरांच्या आज्यांकडून घ्या, मग आज्या पण शाळेत येऊन बसतात.

९. आता वाचायचं कसं, थोडक्यात

पोरं अर्धगोलात, जमिनीवर, खिडकी तुमच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, उघडी पानं पोरांकडे, तुम्ही कडेने तिरपं वाचायचं, त्यासाठी आदल्या रात्री दोनदा वाचून गोष्ट अर्धी पाठ झालेली हवी. आधी कव्हर दाखवा, नाव वाचा, लेखक आणि चित्रकाराचं नाव पण वाचा. पान उलटण्याआधी थांबा. एवढंच, पान उलटण्याआधी थांबा, बाकी आवाजाचे चढउतार आणि अभिनय नाही जमला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न विचारताना "हत्ती कुठल्या रंगाचा आहे" हे विचारू नका, ते सगळ्यांना दिसतंय. "तो असा का बसलाय", "तू असतीस तर" असे विचारा. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अगदी लहान मुलांच्या आईवडिलांना पुस्तक वाचताना असे मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवलं होतं, महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेलं दिसलं. आपण वेगळं काही करायचं नाही, फक्त प्रत्येक पानावर प्रश्न नको, गोष्टीचा दम तुटतो. पूर्ण पुस्तकात तीन-चार जागा आधीच ठरवा.

गोष्ट संपल्यावर "तर मुलांनो आपण काय शिकलो" हे वाक्य म्हणायचं नाही. गप्प राहा. कोणीतरी काहीतरी बोलेल. नाही बोललं तर पुस्तक खाली ठेवून द्या, हात लावायला येतातच. त्याच आठवड्यात तेच पुस्तक परत वाचा, दुसऱ्या वेळी तुमच्याआधी तीच वाचतील. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, एक पुस्तक, फार तर दोन.

१०. पुस्तकं कपाटात नाही, दोरीवर

भिंतीला पोरांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा आणि चालू विषयाची सहा पुस्तकं कव्हर समोर दिसेल अशी लटकवा. ब्राऊन पेपरची कव्हरं घालू नका, सहाही पुस्तकं सारखी दिसायला लागली की पोरं निवडणार कशावरून? ट्रान्सपरंट प्लॅस्टिक घाला. फाटलं तर पारदर्शक सेलोटेप पिवळी पडते आणि सुटते, खळ लावून पातळ कागदाची पट्टी जास्त टिकते, आणि चिकटवायचं काम दुसरीच्या पोरांना दिलं की फाडणं आपोआप कमी होतं. पुस्तक घरी नेऊ द्या. एक साधी वही, पुस्तकाचं नाव, पोराचं नाव, तारीख, आणि परत आणलं की पोरानेच स्वतः बरोबरची खूण करायची. परतीच्या वेळी कव्हरवर हळदीचा डाग असला तर रागावू नका, घरी ते जेवताना बघितलं गेलं एवढाच त्याचा अर्थ.

वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे तीन-चार विषयांचे संच जमतील. केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या, दहा-बारा शाळांपैकी दोन शाळांनी जरी असं केलं तर महिन्याच्या शिक्षण परिषदेला संच अदलाबदल करता येतात, केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवलं की ते पण मदत करतात. प्रत्येक संच वेगळ्या कापडी पिशवीत, पिशवीवर प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिलेला, आत पुस्तकांची यादी, आणि एक कागद ज्यावर कोणत्या पानावर पोरं काय बोलली ते दोन ओळींत लिहिलेलं. पुढच्या शाळेच्या बाईंना यादीपेक्षा तो कागदच जास्त उपयोगी पडतो.